एक झाड, अनेक बुंधे

परसातील केळ एकदा व्याली आणि तिचा घड उतरला, की तिचे आयुष्य सरते. तरीही परस ओसाड पडत नाही. तिच्या बुंध्याशी दोन-चार मुनवे आधीच डोके वर काढून उभे असतात. ते वाढतात, वितात आणि त्यांच्याही पायाशी नवे मुनवे फुटतात. पाहता पाहता केळीचे बेट तयार होते. आणि हे सारे बी पेरल्यावाचून!

बीपासून उगवलेल्या रोपात सामान्यतः दोन जनकांचे गुण मिसळलेले असतात. मुनव्याचे तसे नाही. तो मातेच्या देहातूनच निघालेला असल्यामुळे त्याचे आनुवंशिक गुण हुबेहूब मातेचेच असतात. अशा समगुणी संततीस जीवशास्त्रात ‘क्लोन’ म्हणतात.

आता गुलाब पाहा. एकाच गुलाबाच्या दहा फांद्या छाटून दहा अंगणांत रोवल्या आणि त्या जगल्या, तर दहा झुडपे होतात. गुण सर्वांचे एकच. परंतु प्रत्येकाची मुळे निराळी, अन्नपाणी निराळे. एक वाळले, तरी दुसऱ्यास त्याची वार्ताही नसते. हे झाले सुटे क्लोन. केळीच्या बेटातील मुनवा मात्र जमिनीखाली मातेच्या कंदाशी जोडलेला असतो. त्याची पाने पसरेपर्यंत माताच त्याचे पोषण करते. अशा जोडलेल्या क्लोनांच्या समूहास ‘क्लोन-वसाहत’ म्हणतात. तोच मुनवा खणून दुसऱ्या शेतात लावला, की तो सुटा क्लोन होतो. तात्पर्य, भेद गुणांत नाही. भेद जोडणीत आहे.

केळीचे बेट परसात मावते. पण काही वसाहती फार विशाल असतात. अमेरिकेतील यूटा राज्यात फिश लेक सरोवराजवळ अ‍ॅस्पेन वृक्षांची एक वसाहत आहे. तिने सुमारे ४३ हेक्टर भूमी व्यापली असून तीत सुमारे ४७,००० बुंधे आहेत. पाहणाऱ्यास ते अरण्यच वाटते. परंतु ते सारे एकाच मुळातून पसरलेले एकच झाड होय, असे १९७६ साली शास्त्रज्ञांनी सांगितले. पुढे आनुवंशिक तपासणीनेही त्यास दुजोरा मिळाला. या झाडास ‘पांडो’ असे नाव आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मी पसरतो’ असा होतो.

पांडोचा एकेक बुंधा शंभर-सव्वाशे वर्षांनी कोसळतो आणि मुळांतून फुटलेला कोंब त्याची जागा घेतो. वसाहतीचे दीर्घायुष्य या कोंबांवरच अवलंबून असते. अलीकडे मात्र हरणे व गुरे हे कोवळे कोंब खाऊन टाकतात. वृद्ध बुंधे पडत आहेत आणि अनेक ठिकाणी त्यांची जागा घेण्यास कोणीही उरलेले नाही. म्हणून वनरक्षकांनी काही भागांस कुंपण घातले. जेथे ते नीट राखले गेले, तेथे कोंब पुन्हा वाढू लागले आहेत.

केळीचे बेट असो वा पांडो, जुना बुंधा गेल्याने वसाहत मरत नाही. त्याच्या पायाशी कोवळा कोंब उरला नाही, तर मात्र ती मरते.