काचपात्रांत वाढणारी त्वचा

खेळतांना गुडघा खरचटला, तर आठ-दहा दिवसांत तेथें नवी त्वचा येते आणि आपण ती जखम विसरूनही जातों. परंतु आगीनें अंगावरील बहुतेक त्वचा जळाली, तर नवी त्वचा आणावयाची कोठून? त्वचा रोगजंतूंस बाहेर ठेवते व शरीरांतील ओलावा आंत राखते. म्हणून तिच्यावांचून मनुष्य फार दिवस जगूं शकत नाहीं. दुसऱ्याची त्वचा लावावी, तर शरीर तिला परकी समजून कांहीं दिवसांनीं टाकून देतें. स्वतःची लावावी, तर ती पुरेशी उरलेलीच नसते.

ह्या अडचणींतून मार्ग काढिला तो अमेरिकेंतील हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड ह्या शास्त्रज्ञांनीं. त्वचेच्या वरच्या थरांतील पेशी शरीराबाहेर फार काळ वाढत नसत. १९७५ सालीं ह्या दोघांनीं त्या वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन पाचक द्रव्याच्या साहाय्यानें त्यांतील पेशी सुट्या करावयाच्या व पोषक द्रव असलेल्या पात्रांत उंदराच्या पेशींच्या थरावर पसरावयाच्या. उंदराच्या पेशींवर आधींच किरणांचा मारा केलेला असल्यामुळें त्या स्वतः वाढत नाहींत. परंतु दाईप्रमाणें मानवी पेशींस वाढवितात. एकेका पेशीचे पुंजके होतात, पुंजके एकमेकांस मिळतात, आणि कांहीं आठवड्यांत पातळ पापुद्रा तयार होतो.

ह्या रीतीची खरी कसोटी १९८३ सालीं लागली. अमेरिकेच्या वायोमिंग संस्थानांतील पांच व सहा वर्षांचे दोघे भाऊ इतके भाजले होते, कीं शरीराचा शेंकडा ९५ हून अधिक भाग जळाला होता. बॉस्टन येथील डॉक्टरांनीं त्यांच्या स्वतःच्याच त्वचेचे बारीक तुकडे घेऊन त्यांपासून पापुद्रे वाढविले व जखमांवर लाविले. दोघेही मुलगे वांचले. मात्र अशा त्वचेंत केस व घर्मग्रंथि नसतात, ही तिची उणीव आहे.

हीच विद्या संशोधनासही उपयोगी पडते. एखादें द्रव्य त्वचेस अपाय करितें काय, हें पूर्वीं सशांचे केस काढून त्यांच्या अंगावर तें लावून पाहात. आतां त्याऐवजीं मानवी पेशींपासून त्वचेचा नमुना तयार करितात. खालून पोषक द्रव व वरून हवा मिळाली, म्हणजे वरच्या पेशी कठीण होऊन खऱ्या त्वचेसारखा थर बनतो. त्यावर तें द्रव्य लावून मग एक पिंवळा रंग घालितात. जिवंत पेशी त्याला जांभळा करितात. मेलेल्या पेशींकडून तसें होत नाहीं. जांभळा रंग कमी आला, कीं अपाय झाला असें समजावें. भारतांत २०१४ सालीं सौंदर्यप्रसाधनांसाठीं प्राण्यांवर प्रयोग करण्यास बंदी झाली. तेव्हांपासून अशा रीतींचें महत्त्व आपल्याकडेही वाढलें आहे.

पुढचें पाऊल तर याहून विस्मयकारक आहे. एका सात वर्षांच्या मुलाच्या त्वचेवर जन्मजात दोषामुळें सतत फोड येऊन ती गळून पडत असे. इटलींतील मिकेले दे लूका व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच्या पेशींतील दोष दुरुस्त करून नवी त्वचा वाढविली, आणि २०१५ सालीं जर्मनींतील बोखुम येथें शस्त्रक्रियांस आरंभ होऊन त्याची सुमारे शेंकडा ८० त्वचा बदलण्यांत आली. तो मुलगा पुन्हां शाळेंत जाऊं लागला.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सर्वांच्या मुळाशीं एक साधी गोष्ट आहे. ग्रीन व राइनवाल्ड हे आरंभीं त्वचेचा नव्हे, तर उंदराच्या एका गांठीचा अभ्यास करीत होते. पात्रांत त्यांस अनपेक्षित अशा पेशी वाढतांना दिसल्या. त्यांनीं त्या निरुपयोगी म्हणून फेंकून न देतां निरखून पाहिल्या. त्या निरखण्यानेंच पुढें दोघां भावांचे प्राण वांचले. आपल्या प्रयोगवहींत न जुळणारें उत्तर आलें, तर तें खोडण्यापूर्वीं क्षणभर त्याकडे पाहावें, एवढें ह्यावरून शिकलों तरी पुष्कळ झालें.