दहावीचं गणित बोटीच्या वहीत

1 जून ते 31 जुलै बंदीचे 61 दिवस. बोटी किनाऱ्याला लागल्यात. दहावीतल्या मुलांना बोटीची वही द्या आणि त्यातली गणितं सोडवायला लावा.

दर: समजा बोट 8 नॉट वेगाने, म्हणजे तासाला 8 सागरी मैल जाते आणि 12 लिटर डिझेल खाते. 24 मैल जायला 3 तास, यायला 3. डिझेल 72 लिटर. मासेमारीचं आणि राखीव डिझेल वेगळं.

सरासरी: पाच फेऱ्यांत बांगडा 4, 5, 6, 5 आणि 40 टोपल्या. सरासरी 12. पण चार फेऱ्यांत 6 च्या वर काही नाही! आकडे चढत्या क्रमाने लावा. मधला आकडा, म्हणजे मध्यक, 5. कर्जाचा हप्ता 12 वर ठरवाल तर फसाल. म्हणून कर्ज मागायला येणाऱ्यांना आम्ही हा मधला आकडा आधी विचारतो.

संभाव्यता: 20 फेऱ्यांपैकी 5 तोट्यात, तर अंदाजे शक्यता 5/20, म्हणजे चारात एक. पण लागोपाठ तीन तोट्यात गेल्या म्हणून चौथी भरूनच येणार, असं गणित सांगत नाही. त्या भरवशावर उधार डिझेल भरू नका.

उत्तरं मुलांना काढू द्या. वहीत आकडे मात्र खरे लिहा.