घरचंच कुत्रं कोंबड्या धरतंय? काठी नको, विष तर नकोच. आधी हे करा

कोल्ह्याने कोंबडी नेली तर माणूस नशिबाला बोल लावून गप्प बसतो. पण घरचंच कुत्रं कोंबडी तोंडात धरून उभं दिसलं की डोकं फिरतं. तलंग अंड्यावर यायला पाच-सहा महिने जातात. खुडूक कोंबडी २१ दिवस बसते तेव्हा पिल्लं निघतात. अंड्यांचे पैसे बऱ्याच घरांत बाईच्या हातात असतात, तेल-मीठ आणि पोरांच्या वह्या त्यातूनच येतात. म्हणजे नुकसान लहान नाही. पण रागाच्या भरात काठी घेऊन ते थांबत नाही. थांबवायचं कसं, ते पाहू.

आधी खात्री करा

मुंगूस लहान भोकातून आत शिरतं आणि मानेला चावतं. कोल्हा, रानमांजर बहुतेक वेळा कोंबडी उचलून नेतात, मागे थोडी पिसं राहतात. कुत्रं पळवून पळवून धरतं आणि झटकून मारतं. एका वेळी तीन-चार मेलेल्या, न खाता टाकलेल्या, अंगणभर पिसं आणि खुराड्याखाली उकरलेली माती असेल तर काम कुत्र्याचं समजा. तेही घरचंच की गावातलं मोकाट, हे बघून घ्या.

कुत्रं असं का करतं?

पोट भरलेलं कुत्रंही कोंबडी धरतं. फडफडत पळणाऱ्या जिवामागे धावणं त्याच्या रक्तातच आहे आणि त्यात त्याला मजा येते. एकदा जमलं की ते पुन्हा करणार. 'रक्ताची चटक लागली' असं आपण म्हणतो, ती खरं तर पाठलागाची चटक असते.

आपलीही एक सवय आड येते. कोंबडी कापली की पिसं, पाय, आतडी कुत्र्यापुढे टाकतो. मेलेली कोंबडीही त्यालाच देतो. मग कोंबडी म्हणजे खाणं, हेच ते शिकतं. हे बंद करा. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

तासाभराने घरी येऊन मारलं तर मार कशाचा, हे कुत्र्याला कळत नाही. ते फक्त तुम्हाला घाबरतं आणि तुमच्या माघारी पुन्हा धरतं. मेलेली कोंबडी गळ्यात बांधण्याचा उपायही असाच फुकटचा.

पहिलं काम: संधी बंद

- दिवसा कोंबड्या मोकळ्या, तेव्हा कुत्रं बांधलेलं. रात्री कोंबड्या खुराड्यात, कुत्रं राखणीला मोकळं.
- बांधायची जागा सावलीची हवी, जवळ पाणी हवं. सकाळ-संध्याकाळ शेतावर फिरवून आणा. दिवसभर साखळीला राहिलेलं कुत्रं सुटलं की जास्त उधळतं.
- पातळ जाळी कुत्रं फाडतं. जाड तारेची वेल्डमेश लावा, फूटभर जमिनीत गाडा किंवा कडेने मोठे दगड रचा. खुराडं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असेल तर आणखी बरं.
- पिल्लांवर डालगं ठेवा आणि त्यावर वजन ठेवा.

दुसरं काम: सवय मोडणं

कुत्र्याला फिरवून, खायला घालून मग गळ्यात पट्टा-दोरी घालून बसवा. कोंबड्या जाळीच्या आत, कुत्रं १५-२० फुटांवर. ते कोंबड्यांकडे बघेल, तेव्हा नावाने हाक मारा. तोंड तुमच्याकडे फिरवलं की लगेच भाकरीचा तुकडा द्या आणि शाबासकी द्या. ओढ घेऊ लागलं तर मागे सरका. रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं करा आणि हळूहळू अंतर कमी करा. काही आठवडे नीट जमलं तरच मोकळ्या कोंबड्यांसमोर आणा, तेही लांब दोरीवर. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असतानाच ही सवय लावली तर काम सोपं होतं.

काही कुत्री कधीच भरवशाची होत नाहीत. त्यांना कोंबड्यांबरोबर एकटं सोडूच नका.

जखम झाली तर

कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी हाताने ओढू नका, चावा बसतो. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद-मिरची लावत बसू नका.

जखमी कोंबडी वेगळी ठेवा, नाहीतर रक्त बघून बाकीच्या टोचतात. जखम धुऊन आयोडीनचं औषध लावा, माश्या बसू देऊ नका.

शांत कुत्रं अचानक दिसेल त्याला चावू लागलं, लाळ गळू लागली, तर जवळ जाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

विष घालू नका

फवारणीचं औषध घातलेलं मांस फक्त तेच कुत्रं खात नाही. मांजर, कावळे, शेजाऱ्याचं कुत्रंही मरतं आणि लहान पोरांनाही धोका असतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावर मारल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुत्रं लांब नेऊन सोडणंही कायद्यात बसत नाही, आणि ते दुसऱ्याच्या कोंबड्या धरणारच.

शेजाऱ्याची कोंबडी आपल्या कुत्र्याने धरली असेल तर तिची किंमत त्याच दिवशी देऊन टाका. दोन-चारशे रुपयांवरून बांधाला बांध लागून असलेल्या घरांत वर्षभर बोलणं बंद होतं, ते परवडत नाही.

कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी द्या. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.