कमी पैशात डीजे कसं व्हायचं? मोबाईलपासून सुरुवात करण्याची संपूर्ण माहिती

हळदीत, वरातीत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये डीजेच्या टेबलामागे उभा असलेला मुलगा पाहून 'आपल्यालाही हे जमलं पाहिजे' असं तुम्हाला कधी ना कधी वाटलंच असेल. मग आपण ऑनलाईन किमती बघतो, आकडे पाहून डोळे पांढरे होतात आणि विषय तिथंच संपतो. काही जण मात्र उलटं करतात. ते हप्त्यावर सगळं सामान उचलतात आणि मग शिकायला बसतात.

आज आपण यातला तिसरा रस्ता पाहणार आहोत. आधी काय शिकायचं, कोणत्या क्रमानं पैसे घालायचे आणि कुठे एक रुपयाही घालायचा नाही, हे सगळं सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्याकडे 'डीजे लावला' म्हणजे स्पीकरची भिंत लावली, असा अर्थ होतो. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच 'डॉल्बी' म्हणतात. खरं तर डीजे हे माणसाचं काम आहे. डिस्क जॉकी, म्हणजे गाणी निवडणारा आणि ती एकमेकांत जोडणारा. स्पीकर, ॲम्प्लिफायर, लाईट, जनरेटर हा साऊंडवाल्याचा धंदा आहे. तो वेगळा आहे आणि त्यात लाखो रुपये अडकतात.

हा फरक लक्षात आला की तुमचा निम्म्याहून जास्त खर्च जागच्या जागी वाचतो. तुम्हाला स्पीकर घ्यायचेच नाहीत. कार्यक्रम असेल त्या दिवशी ते भाड्यानं मिळतात.

कमी पैशात सुरुवात करण्यात कमीपणा काहीच नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क यानं एका पार्टीत गाणी वाजवली. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत म्हणून त्याच्या बहिणीनं ती पार्टी ठेवली होती. हिप-हॉपची सुरुवात आज त्याच पार्टीपासून मोजतात. त्याच भागातल्या ग्रँडमास्टर फ्लॅशनं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण वापरून एक स्विच स्वतःच बनवला होता. पुढचं गाणं लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्याला हेडफोनमध्ये ऐकता यावं, यासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिला महिना: खर्च शून्य

तुमच्याकडे फोन आहे, गाणी आहेत आणि दोन कान आहेत. एवढ्यावर पहिला महिना आरामात निघतो.

कुठलंही नाचाचं गाणं लावा आणि पायानं ठेका धरा. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. ज्यांनी ढोल पथकात किंवा लेझीममध्ये भाग घेतलाय, त्यांना हे आधीच येतं. चार ठोक्यांचा एक बार झाला. असे आठ बार, म्हणजे ३२ ठोके झाले की बहुतेक क्लब म्युझिकमध्ये काहीतरी बदलतं. नवीन वाद्य येतं, आवाज थांबतो किंवा मुखडा सुरू होतो. नवं गाणं आत आणायची जागा हीच. गाणं मधेच कुठेतरी घुसवलं की नाचणारे गोंधळतात. का ते त्यांना सांगता येत नाही, पण पाय थांबतात.

दुसरी गोष्ट बीपीएम. एका मिनिटात किती ठोके पडतात तो आकडा. एक गाणं १०० बीपीएमचं आणि दुसरं १०४ चं असेल, तर पहिल्याचा वेग ४ टक्के वाढवला की दोन्ही सारख्या चालीनं चालतात. यालाच बीटमॅचिंग म्हणतात.

'पण ॲपमध्ये सिंकचं बटण असतं ना?' हो, असतं. नव्या, कॉम्प्युटरवर बनलेल्या गाण्यांवर ते चांगलं चालतं. पण आपल्या लग्नात नुसती नवी गाणी वाजत नाहीत. जुन्या गाण्यांत ढोलकी, ढोल, ताशा माणसांनी प्रत्यक्ष वाजवलेले असतात, त्यामुळे वेग मधेच किंचित वर-खाली होतो. अशा वेळी ॲपनं आखलेले ठोके चुकतात. कधी ७५ बीपीएमचं गाणं ॲप १५० दाखवतं. कोळीगीतांसारख्या गाण्यांत तर सहा मात्रांची डुलती चाल असते. ती चारच्या ठेक्यावर नुसत्या सिंकनं बसत नाही. तिथे कानच लागतो. आणि कान तयार करायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

दुसरी पायरी: ॲप आणि एक केबल

अल्गोरिडिम कंपनीचं 'डीजे' नावाचं ॲप, 'एडजिंग मिक्स' आणि 'क्रॉस डीजे' अशी ॲप मोबाईलवर मिळतात. मोफत सुरुवात करता येते, काही सोयींना पैसे पडतात. स्क्रीनवर दोन चकत्या दिसतात, त्यांना डेक म्हणतात. मधे क्रॉसफेडर असतो. तो इकडून तिकडे सरकवला की एक गाणं जातं आणि दुसरं येतं.

आता खरी अडचण. लोक पहिलं गाणं ऐकतायत, तेव्हा दुसरं गाणं तुम्हाला एकट्याला ऐकायचंय. ग्रँडमास्टर फ्लॅशचा स्विच आठवतोय? तेच काम इथे एक स्वस्त केबल करते. तिला डीजे स्प्लिटर केबल म्हणतात. फोनमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज बाहेर पडतात. ॲपमध्ये स्प्लिट मोड चालू केला की डाव्या बाजूनं स्पीकरचा आवाज जातो आणि उजव्या बाजूनं हेडफोनचा. स्पीकरवर आवाज मोनो येतो, पण घरच्या सरावाला काही फरक पडत नाही.

केबल घेताना दोन गोष्टी तपासा:

• तुमच्या ॲपमध्ये स्प्लिट मोड मोफत आहे की पैसे भरून, ते आधी बघा.
• दोन जणांना एकच गाणं ऐकायला जी साधी केबल मिळते, ती इथे चालत नाही. डावा-उजवा आवाज वेगळा करणारीच हवी.

फोनला हेडफोनचं भोक नसेल, तर टाईप-सी ॲडॉप्टर लागेल. चार्जिंगची जागाही सोबत असलेला ॲडॉप्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर ऐन कार्यक्रमात बॅटरी संपेल.

ब्लूटूथ हेडफोन का नको?

हा प्रश्न हमखास येतो. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो. साधारण १०० ते २०० मिलिसेकंद धरा. गाणं ऐकताना किंवा व्हिडिओ बघताना हे फारसं जाणवत नाही. पण १२० बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अंतरच ५०० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर झाला तर ठोका जवळजवळ अर्ध्या वाटेवर सरकला. तुम्ही कितीही बरोबर जुळवलं तरी बाहेर ते घसरलेलंच ऐकू येणार. म्हणून हेडफोन वायरचाच घ्या. महागडा नको, पण दोन्ही कान झाकणारा हवा.

घरात जुना लॅपटॉप आहे?

मग तुम्ही नशीबवान आहात. 'मिक्स' नावाचं सॉफ्टवेअर (स्पेलिंगमध्ये शेवटी तीन 'एक्स' आहेत) पूर्णपणे मोफत आणि ओपन सोर्स आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. लॅपटॉपला एक साधं यूएसबी साऊंड कार्ड जोडा. ते काहीशे रुपयांत मिळतं. एकातून स्पीकर, दुसऱ्यातून हेडफोन, आणि इथे स्टीरिओ आवाजही शाबूत राहतो. यात रेकॉर्डिंगची सोय आहे, तिचा भरपूर वापर करा. रात्री केलेला मिक्स सकाळी ऐका. रात्री जे भारी वाटलं होतं, त्यातल्या चुका सकाळी आपोआप कळतात.

कंट्रोलर कधी घ्यायचा?

चकत्या, बटणं आणि फेडर असलेलं जे यंत्र डीजेच्या टेबलावर दिसतं, ते म्हणजे कंट्रोलर. न्यूमार्क कंपनीचा 'डीजे टू गो टू टच' हा छोटा आणि स्वस्तातल्यांपैकी एक. हर्क्युलिसच्या 'इनपल्स' मालिकेत शिकणाऱ्यांना मदत करणारे दिवे असतात. पायोनियर डीजेचा 'डीडीजे-२००' फोनलाही जोडता येतो, पण त्यात साऊंड कार्ड नाही, म्हणून स्प्लिटर केबल लागते. त्याच कंपनीच्या 'डीडीजे-एफएलएक्स ४' मध्ये साऊंड कार्ड आहे, पण तो बराच महाग पडतो. दर सतत बदलतात, म्हणून घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा.

वापरलेला कंट्रोलर घ्यायला हरकत नाही. मात्र स्वतः जाऊन, लॅपटॉप जोडून बघा. क्रॉसफेडर सरकवताना खरखर येते का, दोन्ही चकत्या नीट फिरतात का, प्रत्येक बटण लागतं का, हेडफोनचं भोक सैल आहे का, हे सगळं तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि हप्त्यावर? इथे माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. त्यानं तुळशीच्या लग्नानंतर, ऐन सीझनमध्ये कंट्रोलर आणि दोन स्पीकर हप्त्यावर घेतले. पहिले काही महिने मजेत गेले. मग आषाढ आला, लग्नाचे मुहूर्त थांबले, पावसात बाकीचे कार्यक्रमही थांबले. कामं मुहूर्तावर येतात, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. शेवटी त्यानं स्पीकर घेतल्या किमतीच्या निम्म्यानं विकले. हात चांगला होता त्याचा, फक्त खर्चाचा क्रम चुकला. म्हणून माझा नियम साधा आहे: कंट्रोलरचे पैसे डीजेच्या कामातूनच निघाले पाहिजेत. तोपर्यंत फोन आणि केबल.

गाणी कुठून आणायची?

युट्यूबवरून ओढलेली गाणी मोबाईलवर बरी वाटतात, पण मोठ्या स्पीकरवर त्यांचा फाटका आवाज उघडा पडतो. शिवाय तसं डाउनलोड करणं नियमातही बसत नाही. सरावासाठी जमेंडो, फ्री म्युझिक अर्काइव्ह अशा ठिकाणी कायदेशीर मोफत संगीत मिळतं. बँडकॅम्प किंवा बीटपोर्टवर एकेक गाणं विकत घेता येतं. शक्यतो ३२० केबीपीएसची फाईल घ्या. इंटरनेटच्या भरवशावर राहू नका, लॉनवर आणि गावात रेंज दगा देते.

जाहीर कार्यक्रमात गाणी वाजवायला परवाना लागतो आणि तो सहसा आयोजक किंवा हॉटेल काढतं. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळे यांना कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. बाकी ठिकाणी 'परवाना कोणी काढलाय?' हे काम घेण्याआधीच विचारून घ्या.

पहिला कार्यक्रम: हे विसरू नका

• ओळखीच्या साऊंडवाल्याकडे काही दिवस मदतनीस म्हणून जा. वायरिंग फुकटात शिकायला मिळतं आणि पहिलं कामही बहुतेक तिथूनच येतं.
• फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर गाण्याच्या मधेच आईचा फोन सगळ्या मांडवाला ऐकू येईल.
• मिक्सरला जोडायला आरसीए आणि क्वार्टर इंच असे दोन्ही जॅक पिशवीत ठेवा. प्रत्येक साऊंडवाल्याकडचं तोंड वेगळं असतं.
• मिक्सरवरचा लाल दिवा लागू देऊ नका. लाल म्हणजे जोरात नाही, लाल म्हणजे फाटलेला आवाज.
• रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आज तसा दिवस आहे का, याची खात्री करूनच वाजवा.

आणि शेवटी, कान सांभाळा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही कानाची सुरक्षित मर्यादा मानली जाते. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. हिशोब केला तर १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात! स्पीकरच्या भिंतीजवळ आवाज त्याहून जास्त असू शकतो. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर तो कानानं दिलेला इशारा समजा. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग अगदी थोड्या पैशात मिळतात. ते घाला, स्पीकरच्या समोर नाही तर मागे उभे रहा, आणि हेडफोनचा आवाज अर्ध्यावर ठेवा.

कंट्रोलर बिघडला तर दुसरा घेता येतो, फोन फुटला तर दुसरा येतो. कान मात्र एकदाच मिळतात, आणि या धंद्यात तुमचं खरं भांडवल तेच आहे. तर मित्रांनो, आज रात्रीच एक गाणं लावा, डोळे मिटा आणि ३२ पर्यंत मोजा. सुरुवात झाली समजा!