कोंबडा ठेवावा की विकावा?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो. दारात पाच-सहा कोंबड्या आहेत, त्यात एक कोंबडा. अंडी तर तो देत नाही, दाणे मात्र दोघींचे खातो. मग ठेवायचा कशाला?

आधी एक गैरसमज काढून टाकू. अंडी घालायला कोंबड्याची गरज नसते. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, तसं कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालायची राहत नाही. बिनकोंबड्याच्या अंड्यात ताकद कमी असते, हेही खरं नाही. खायला दोन्ही सारखीच. फरक एवढाच, की त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. उलट चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात ही अंडी जास्त टिकतात. फळलेल्या अंड्यात उन्हाळ्याच्या उबेनेच जीव धरायला लागतो आणि ते लवकर बिघडतं.

म्हणून स्वतःला विचारा, मला अंडी विकायची आहेत की पिल्लं वाढवायची आहेत?

फक्त अंडी विकायची असतील तर कोंबडा विकलेला बरा. दाण्याचा हिशोब करून पाहा. रोज ५० ग्रॅम कणी टाकली तरी वर्षाला सुमारे १८ किलो होते. तुमच्या दुकानातला भाव लावा, म्हणजे आकडा कळेल. विकायचाच तर वेळ साधा. गावदेवीची राखण, शिमगा, गटारी अशा दिवसांत गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक घरी येतं.

पिल्लं हवी असतील तर कोंबडा हवाच. ८ ते १० गावठी कोंबड्यांना एक पुरतो. पाच कोंबड्यांत दोन ठेवले तर ते झुंजतात आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात. घार दिसली की कोंबडा ओरडून सगळ्यांना सावध करतो, हा फायदा खराच. पण रात्री रानमांजर आलं तर तो काही करू शकत नाही. तिथे खुराड्याला घट्ट दारच लागतं.

वनराजा, गिरिराजा अशा सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवता येतात, पण पुढच्या पिढीत पहिल्यासारखे गुण उतरत नाहीत. तिथे पिल्लं विकत आणलेलीच परवडतात.

घरचाच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवू नका. त्याच्याच पिल्लांतला कोंबडा पुढे आई-बहिणींत राहिला, की अंडी कमी फळतात, पिल्लं अशक्त निघतात. दर वर्षी दुसऱ्या वाडीतल्या मैत्रिणीशी अदलाबदल करा. पैसा लागत नाही, दोघींचंही भलं होतं. नवा कोंबडा, विशेषतः बाजारातून आणलेला, आधी दोन आठवडे वेगळा डालून ठेवा. राणीखेत, म्हणजे आपली मर, अशीच घरात येते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं करते. जुना कोंबडा काढल्यावरही साधारण दोन आठवडे अंडी फळलेली असू शकतात. म्हणून नव्याचीच पिल्लं हवी असतील तर तीन आठवडे थांबून मग अंडी साठवा.

बसवताना आठवड्याच्या आतली, स्वच्छ अंडी घ्या. एका कोंबडीखाली १० ते १२ पुरेत. सातव्या दिवशी रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर अंडं फळलेलं. अगदी स्वच्छ दिसलं तर काढून घ्या. २१ व्या दिवशी पिल्लं निघतात. महाड-पोलादपूरच्या आषाढ-श्रावणात ओल आणि गारठा पिल्लांना सोसत नाही, म्हणून दिवाळीनंतर बसवलेली बरी.

लस चुकवू नका. पिल्लं आठवड्याची झाली की लासोटा आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची दुसरी लस. एका बाटलीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांची लस असते आणि उघडल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी एकटीने बाटली फोडणं परवडत नाही. वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा आणि पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवा.

आणि ज्यांच्याकडे दोन-तीनच कोंबड्या आहेत, त्यांनी शेजारच्या तीन घरांत मिळून एक कोंबडा ठेवावा. दाणे वाटून घालावेत, पिल्लं ज्याची त्याने घ्यावीत. पुढच्या बैठकीत एवढं ठरवा, की आपल्या वाडीत कोंबडे किती, त्यातले ठेवायचे किती, आणि कुणाचा कुणाकडे जायचा.