१४२८५७ या संख्येची गंमत

देवळाली येथें १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत शिकविणारे कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे संख्याशोध कित्येक गणितज्ञ क्षुल्लक समजत. आम्हांस तें पटत नाहीं. त्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संख्यांपैकीं १४२८५७ घेऊं. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडील सहा अंक तोडून उरलेल्या २०४०८ मध्यें मिळविले, कीं मूळ संख्या परत येते!

हा योगायोग नव्हे. वर्गांतून मूळ संख्या वजा केल्यास १४२८५७ × १४२८५६ उरतात. पैकीं १४२८५६ म्हणजे २०४०८ ची सातपट, आणि १४२८५७ ची सातपट ९९९९९९. सबब बाकी २०४०८ वेळां ९९९९९९. ९९९९९९ हे दहा लाखांस एक कमी. म्हणून डावीकडे २०४०८ उभे राहतात, व उजवीकडे मूळ संख्येंतून तितकेच उणे होतात. पालकांनींहि २९७ चा वर्ग करून शेवटचे तीन अंक तोडून पाहावे.