चुलीजवळची जुनी वही



या पानावर मी एरवी लागण, खोडवा नि बेणेबदल यांवर लिहितो. या खेपेस विषय स्वयंपाकघरातला आहे. पण त्यात गूळ आहे, गहू आहे, तेव्हा तो अगदीच परका म्हणता येणार नाही.

ऊस नोंदीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना बऱ्याच घरांत एक वही पाहण्यात येते. कुणाच्या आजेसासूने हिशेबाच्या चोपडीच्या मागच्या पानांवर लिहिलेली, कुणाच्या आईने शाळेच्या वहीत. हळदीचे डाग, तुपाने पारदर्शक झालेली पाने, फिकी पडलेली शाई. घरचे लोक ती सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेत जपून ठेवतात. मात्र तिच्यावरून रांधायला बसले की घोटाळा होतो.

पहिला घोटाळा मापांचा. दशमान वजनांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९६२ पर्यंत जुनी मापे व्यवहारातून गेली. वही त्याआधीची असेल, किंवा लिहिणारीच्या हाताला जुनी मापे बसलेली असतील, तर तिथे शेर, अदपाव, छटाक भेटतात. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने पावशेर २३३ ग्रॅम आणि छटाक ५८ ग्रॅम. दुकानदार आज पावशेर म्हणून २५० ग्रॅम देतो, तेवढा फरक धरावा. धान्याचा शेर आणखी वेगळा. तो वजनाचा नव्हे, मापाचा. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे ‘एक शेर गहू, अर्धा शेर गूळ’ या एकाच ओळीत दोन निराळे शेर असू शकतात! घरातले जुने मापटे माळ्यावर पडले असेल तर ते गव्हाने भरून काट्यावर ठेवावे. तुमच्या घराचा हिशेब तिथेच उलगडेल.

सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. त्यात वाटी-चमच्याची मापे दिल्यामुळे नव्या सुनांची मोठी सोय झाली. घरच्या वह्यांना ही सोय नाही. त्या दुसऱ्यासाठी लिहिलेल्याच नव्हत्या, स्वतःच्या आठवणीसाठी होत्या. त्यामुळे जे सगळ्यांना ठाऊक होते ते कुणी लिहिलेच नाही.

एका सभासदाच्या घरचे सांगतो. नातसुनेने आजेसासूच्या वहीतली खपलीची खीर केली. वहीत चारच ओळी: गहू सडून भिजवावे, शिजवावे, गूळ घालावा, खसखस-खोबरे-वेलदोडा लावावा. तिने गहू अर्धवट शिजल्यावर गूळ टाकला. पुढे दोन तास जाळ घातला तरी दाणा कचकचीतच. आजी ओसरीवरून म्हणाल्या, “अगं, गूळ आदी घातलास व्हय? आता त्यो गहू मरंस्तवर शिजायचा न्हाई.” खरे आहे. गूळ पडला की दाणा किंवा डाळ पुढे मऊ होत नाही, पुरणाला डाळ आधी गाळ शिजवतात ती याचसाठी. तसेच उकळत्या गुळाच्या खिरीत दूध ओतले की ते फाटते. आजी दूध ताटात घेतात. वहीत यातले एक अक्षर नाही.

आणि गहूही तो राहिला नाही. खपलीचे टरफल मळणीत निघत नाही. पाणी लावून उखळात सडावे लागते, मग सुपाने पाखडायचे. १९६७ च्या सुमारास कल्याणसोना, सोनालिका असे बुटके वाण आले, पाण्याखालचे रान उसाला गेले आणि खपली मागे पडली. अलीकडे तिला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. साध्या गव्हाची खीर होते, पण चव ती नव्हे. गुळाचेही तेच. खारवट रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो, आणि युरियाचा मारा झालेल्या उसाचा गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो. (हे मी पीक मेळाव्यात सांगितले की लोक माना डोलावतात आणि संध्याकाळी सोसायटीत युरियाला रांग लावतात.) तेव्हा वहीतले प्रमाण बरोबर असूनही खीर बिघडते, ती अशी.

यावर उपाय तोच, जो आम्ही प्लॉटवर करतो: डोळ्यांदेखत मोजणी. त्या घरी आजींना पुन्हा खीर करायला बसवले. त्या गूळ अंदाजाने घेत होत्या. नातसुनेने खडा आधी वजन करून हाती दिला नि उरलेला पुन्हा काट्यावर ठेवला. अर्धा किलो सडलेल्या गव्हाला सहाशे ग्रॅम गूळ लागला. गहू रात्रभर भिजलेले, कुकरच्या शिट्ट्या किती, गूळ केव्हा, हे सगळे तिने वहीत न लिहिता वेगळ्या कागदावर टिपले. आजी शहाऐंशीच्या आहेत. मध्येच त्या म्हणाल्या, “सायेब, हे कुणी आदी इचारलंच न्हाई की.”

मूळ वही चुलीपाशी नेऊ नये, शाई वाफेनेही पसरते. पानांचे मोबाईलवर फोटो काढून त्यांवरून रांधावे. प्लॅस्टिकमध्ये चिकटवून टाकू नये, ते पुन्हा निघत नाही.

कुणाकडे खपलीचे घरचे बियाणे राखलेले असेल तर ऊस नोंदीच्या वेळी गटाच्या शेतकी मदतनिसाला सांगावे. दोन-तीन सभासद आडसालीच्या आधी एक-दोन गुंठे करून पाहायला तयार आहेत.